दोन शाफ्ट आणि आत उघडणारं गेट

१ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय झाला. गाडीचे दोन्ही बॅलन्स शाफ्ट मी स्वतः काढणार. घरी, पोर्चमध्ये.

ही वही फक्त माझ्यासाठी. तांत्रिक नोंदी असाव्यात म्हणून.

बॅलन्स शाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारे दोन दांडे. काम एकच, इंजिनाची थरथर मारणं. इंजिनाला ते लागत नाहीत, आत बसणाऱ्याला लागतात. पण त्यांना फिरवणारा एक बारका बेल्ट असतो. तो जुना होऊन तुटला, की शेजारच्या मोठ्या बेल्टमध्ये गुंततो आणि अख्खं इंजिन संपवतो. आपली गाडी एकोणीस वर्षांची. हुसेनसाब मिस्त्रींनी परवा बॅटरी लावताना सांगितलं, बेल्टला चिरा गेल्यात, बदलून टाकू, एक दिवसाचं काम. मी विचारलं, शाफ्टच काढून टाकले तर? ते म्हणाले, "नक्को साब. बनवणाऱ्याने डोकं लावून बसवलंय ते. बेल्ट बदला, बस."

बारा वर्षं गाडी त्यांच्याकडे जाते. माणूस चांगला. पण विचार जुना.

मी इंजिनिअर नाही. पण चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तेवीस वर्षं स्टोअर्स सांभाळतो. चार हजार पार्ट नंबरासकट पाठ. ज्याला पार्ट ओळखता येतो, त्याला तो बसवता येतोच. शिवाय अकरा व्हिडिओ पाहून झाले. त्यातल्या एकाची भाषा कळत नाही, पण हात कळतात.

बायकोने, विजयमालाने विचारलं, गाडी बंद पडलीय का? म्हटलं, नाही. मग? म्हटलं, प्रिव्हेंटिव्ह. ती भाकरी थापत राहिली. म्हणजे संमती.

वेळापत्रक: ८ आणि ९ तारीख. दोन दिवसांत काम खलास. २२ तारखेला वैरागला, मुलीच्या सासरी, रेश्माचं ओटीभरण. सातवा महिना. कार्यक्रम झाला की तिला बाळंतपणासाठी घरी आणायचं, मी स्वतः गाडी चालवत. तिने सासूबाईंना तसं सांगूनही ठेवलंय. म्हणजे हाताशी जवळजवळ दोन आठवडे जादा. इतकी मार्जिन कारखान्यातही कुणी ठेवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.३०

कामाला सुरुवात. गाडीच्या पुढे चार फूट जागा हवी होती. पोर्चमध्ये तेवढी नाही. म्हणून गाडी मागे ढकलली. आता मागचा बंपर आणि गेट यांत वीतभर अंतर आहे. गेट आत उघडतं. म्हणजे तेही वीतभरच उघडतं. पेपर आणि दुधाची पिशवी आरामात येते. फक्त माणूस येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंतचा प्रश्न.

विजयमालाची स्कूटी आतच राहिली. तिची सकाळची शाळा. (दुसरीला शिकवते.) म्हटलं, मधल्या भिंतीवरून शेजारच्या गुरुशांतांच्या अंगणात उतर, त्यांच्या गेटने जा. भिंत छातीएवढी आहे, आत-बाहेर एकेक स्टूल ठेवलंय. तिने पर्स आधी पलीकडे टाकली, मग चपला, मग स्वतः.

सकाळी ११

गाडी पुढून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. पुढची दोन्ही चाकं काढली. इंजिन एका बाजूने ज्यावर टेकलेलं असतं तो माउंटिंगचा ब्रॅकेट काढला आणि इंजिन खालून जॅकवर पेललं. आता गाडी हलवता येणार नाही. हलवायची गरजही नाही.

संध्याकाळी ६

पुलीचा मधला बोल्ट निघत नाही. व्हिडिओत चार सेकंदांत निघतो.

९ फेब्रुवारी, रविवार

बोल्ट निघाला. पान्याला पाण्याचा चार फुटी पाइप जोडला आणि दोन्ही पाय भिंतीला लावले. बोल्ट आणि मी एकदमच निघालो. पाठीला खरचटलं. प्रगती आहे.

गुरुशांत भिंतीपलीकडून चहा घेत बघत होते. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना वेळ आहे. म्हणाले, "काय हिंदुराव, निगालं का न्हाय अजून?" म्हटलं, उद्या. म्हणाले, "उद्या म्हंजे दोन दिवसाचे तीन झाले की." हिशेब बरोबर आहे, पण असं बोलल्याने कामाचा मूड जातो.

१० फेब्रुवारी, सोमवार

भिंतीवरून ड्युटीवर गेलो. पँट फाटली. भिंतीचा कोपरा गवंड्याने नीट घासलेला नाही. दुपारी गॅस सिलिंडर आला. विजयमालाने सांगितलं, गुरुशांत, त्यांच्या मिसेस सुंदरम्मा आणि सिलिंडरवाला, तिघांनी मिळून तो भिंतीवरून आत दिला. सुंदरम्मा कानडीत काहीतरी बोलल्या. विजयमालाला कानडी येत नाही, तरी ती म्हणाली की तिला सगळं समजलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हाफ डे घेतला. पहिला शाफ्ट बाहेर!

हातात घेऊन बराच वेळ बसलो. सुंदर वस्तू. दीडएक फूट लांब, एका बाजूला जड. एकोणीस वर्षं आत फिरत होता आणि कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. मेन्टेनन्सच्या शरणबसवने लगेच विचारलं, सर, हे काय तुटलं? म्हटलं, तुटलं नाही, काढलं. त्याने विचारलं, का? अशा लोकांना टेक्निकल ग्रुपमध्ये घेऊ नये.

विजयमालाला दाखवला. तिने विचारलं, हा नसला तर गाडी थरथरेल ना? म्हटलं, किंचित. ती म्हणाली, सातव्या महिन्याच्या बाईला किंचित म्हणजे किती?

उत्तर देणार होतो. पण ती स्टुलावर चढली होती, तिला डिस्टर्ब करणं बरं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितो आहे. कालची नोंद आज.

दुसरा शाफ्ट मागच्या बाजूला आहे. तिथे पोचायला इंजिन आणि बॉडी यांच्यातल्या फटीतून हात घालावा लागतो. काल हात आत गेला. बाहेर येईना. घड्याळ अडकलं. कंपनीने वीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेलं.

दुपारी दोनला अडकलो. विजयमाला शाळेच्या मीटिंगला. मोबाइल खिशात, पण उजव्या खिशात. डावा हात तिथपर्यंत पोचत नाही. हाक मारायची नाही असं ठरवलं. चाळीस मिनिटांनी हाक मारली.

गुरुशांत भिंतीवर आले. वयाच्या मानाने चपळ आहेत. त्यांनी ओढून पाहिलं. मी ओरडलो. मग सुंदरम्मांनी तांब्याभर शेंगतेल दिलं. तेही झालं नाही. शेवटी गुरुशांतांनी बागेच्या कात्रीने घड्याळाचा पट्टा कापला. तासाभराने हात सुटला. मनगट टोमॅटोसारखं.

गुरुशांत म्हणाले, "हुसेनसाबला बोलवा की. लई झालं." मी आभार मानले आणि सांगितलं की सगळं कंट्रोलमध्ये आहे. पण एक मान्य करायला हवं. त्या तासात, गाल बॉनेटच्या कडेला लावून उभा असताना, मला पहिल्यांदाच आपलं घर नीट दिसलं. मागे भिंत. उजवीकडे भिंत. डावीकडे स्कूटी. समोर गाडी आणि गाडीमागे गेट. मी दार उघडं असलेल्या घरात कोंडून उभा होतो.

हे तांत्रिक नाही. खोडायचं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा शाफ्ट निघाला! आता फक्त जोडायचं. जोडणं म्हणजे काढण्याचंच उलट. व्हिडिओ उलटा चालवला तरी पुरे.

रेश्माचा फोन. पप्पा, गाडी झाली का? म्हटलं, नव्वद टक्के. ती म्हणाली, नक्की ना? सासूबाई रोज विचारतात, तुझे वडील कधी निघणार, जेवायला किती वाजता धरायचं? म्हटलं, साडेदहाला पोचतो. वेळ इतक्या सहज तोंडातून आली की माझाही विश्वास बसला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. जोडणी पूर्ण. चार बोल्ट आणि एक रबरी सील उरलं. बनवणारे सेफ्टीसाठी जादा बोल्ट घालतातच. बेल्ट बसवताना पुल्यांवरच्या सगळ्या खुणा जुळायला हव्यात. तीनपैकी दोन जुळल्या, तिसरी जवळजवळ.

हुसेनसाबांचा फोन आला. गुरुशांतांनी कळवलं असणार. म्हणाले, मी येऊ का? म्हटलं, तुमचं काम असेल. म्हणाले, काम रोजच आहे. म्हटलं, गरज पडली तर सांगतो. मग म्हणाले, "एकच सांगतो साब. शाफ्टच्या जागेला तेलाची भोकं असतात, ती..." आवाज तुटक येत होता. मी हो हो म्हटलं. आवाज तितकाही तुटक नव्हता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९

आज स्टार्ट. चाकं अजून लावली नाहीत. चालू इंजिन खालून बघता यावं म्हणून गाडी घोड्यांवरच ठेवली. विजयमाला म्हणाली, आधी चाकं लावा. प्रत्येक कामाचा एक क्रम असतो.

दुपारी १२

जे झालं ते क्रमाने.

पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. सातव्याला इंजिन चालू झालं! मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

थरथर होती. किंचितपेक्षा जास्त. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा जळत होता. म्हटलं, तेल चढायला वेळ लागत असेल. थांबलो. तीन मिनिटं, चार मिनिटं. आतून खडखड यायला लागली, डब्यात खडे हलवल्यासारखी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विजयमाला ओरडत होती. मला वाटलं, अभिनंदन करते आहे. ती म्हणत होती, गाडी चालतेय!

गाडी चालतच होती. थरथरीने दोन्ही घोड्या सरकत होत्या. मी उडी मारून बाहेर आलो आणि गाडी घोड्यांवरून मागे घसरून खाली बसली. खाली मी सुटी चाकं ठेवली होती, म्हणून त्यांच्यावर बसली. (ही दूरदृष्टी नोंदवून ठेवतो.) बंपर गेटला जाऊन धडकला. इंजिनाने एक मोठा आवाज केला आणि गप्प झालं. त्यानंतर सेल्फ मारला तर नुसतं टक्. पुली पान्याने फिरवून पाहिली. हलत नाही. जॅम.

वीतभर फटही गेली. आता दुधाची पिशवीसुद्धा आत येत नाही.

गेट बिजागरीवरून वर उचलून काढता येईल, हे सुचलं. पण चोर गेट उचलून नेतात म्हणून गेल्या वर्षी मीच वर टोप्या वेल्ड करून घेतल्या होत्या. पक्क्या वेल्डिंगच्या आहेत. स्वतः उभं राहून करून घेतल्या होत्या.

विजयमाला बाहेर आली, बघितलं, आत गेली. तिने उद्याची हिरवी साडी, फळं आणि ओटीचं सामान एका पिशवीत भरलं. म्हणाली, मी सकाळच्या एसटीने जाते. म्हटलं, मी पण येतो. ती म्हणाली, या की. मग कपडे बघायला गेलो. आणि डोळ्यांसमोर आलं: वैरागचा स्टँड, तिथून चालत जाणारा मी, दारात उभे व्याही बापूसाहेब. आणि त्यांचा पहिला प्रश्न, गाडी कुठाय?

संध्याकाळी ५

ताप आहे, असं सांगायचं ठरलं. विजयमालाने ठरवलं नाही. मी ठरवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७

ती गेली. साडी नेसून भिंत चढली. सुंदरम्मांनी पलीकडून हात दिला. कुणीतरी गाडीपाशी थांबायलाच हवं होतं.

सकाळी १०.३०

आत्ता पोचलो असतो.

संध्याकाळी ७

पाच वाजता गेटबाहेर गाडी थांबली. जावई अजिंक्य मित्राची गाडी घेऊन रेश्माला आणि विजयमालाला सोडायला आला होता. रेश्मा हिरव्या साडीत, हातात गजरा, पदरात ओटी. मी गेटच्या आत उभा. अजिंक्यने नम्रपणे गेट ढकललं. मग थोडं कमी नम्रपणे. मग त्याने जाळीतून आत बघितलं. सुटी चाकं, तेलाचं थारोळं, दोन शाफ्ट वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी.

म्हणाला, पप्पा, ताप कसाय?

रेश्माला आधी हसू आलं. खरंच हसली ती. मग तिने कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, मी कुठून येऊ? मी भिंतीकडे बघितलं. म्हटलं, स्टूल आहे. विजयमाला म्हणाली, "अहो!" एवढंच. तेवीस वर्षं स्टोअर्समध्ये मला इतक्या कमी शब्दांत कुणी गप्प केलेलं नाही.

सुंदरम्मा बाहेर आल्या. "बा बा, आत ये गं," म्हणत रेश्माला हाताला धरून आपल्या घरात घेऊन गेल्या. त्यांच्या हॉलमधल्या दिवाणावर तिला निजवलं. विजयमालाही तिकडेच. अजिंक्य वैरागला परत गेला.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि शेजारी उतरली.

मी आत एकटा आहे. भिंतीवरून डबा आला. शेंगाची चटणी, भाकरी, वांगं. जेवलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी रेश्मा भिंतीपाशी आली. खुर्ची घेऊन पलीकडे बसली. मला तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. म्हणाली, आईने गाडीत सगळं सांगितलं. ताप नव्हता. म्हटलं, कणकण होती. ती म्हणाली, "पप्पा, मी काल साडेदहापासून दारात उभी होते. सासूबाई म्हणत होत्या, बस गं आत, येतील. मी म्हटलं, नाही, पप्पा वेळेवर येतात."

मी तिला तेलाच्या दाबाबद्दल सांगायला लागलो. ती ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, मी एसटीने पण आले असते. तुम्ही आलात तर पुरे होतं.

मला बोल्ट मोजायचे होते. मोजले. चारच आहेत.

दुपारी तिने विचारलं, हुसेनचाचांना फोन करू? म्हटलं, मी करतो, संध्याकाळी. संध्याकाळी ती म्हणाली, मी दुपारीच केला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हुसेनसाब सकाळी आठला आले. पासष्ट वर्षांचा माणूस भिंत चढून आत आला. सलाम केला. गाडीकडे बघितलं नाही, आधी माझ्या मनगटाकडे बघितलं. मलम लावलं का, विचारलं.

मग खाली वाकून विचारलं, भोकं बंद केली का? म्हटलं, कुठली? ते उकिडवे बसले. म्हणाले, शाफ्ट काढले की तेल त्या भोकांतनं वाया जातं, इंजिन कोरडं चालतं. फोनवर तेच सांगत होतो.

त्यांनी जॅक लावला. सुटलेला ब्रॅकेट पुन्हा नीट बसवला, चाकं बसवली. गिअर काढून गाडी न्यूट्रल केली. म्हणाले, ढकला. दोघांनी मिळून गाडी चार फूट पुढे ढकलली.

गेट उघडलं.

पंचवीस मिनिटं लागली. हे मी ८ तारखेलाही करू शकलो असतो. ९ लाही. रोज.

रेश्मा गेटमधून चालत आत आली. विजयमालाने भाकरतुकडा ओवाळला. मग ती स्कूटी काढून शाळेला गेली, गरज नसताना चौकातून एक चक्कर मारून.

२ मार्च, रविवार

बापूसाहेब आणि अजिंक्य रेश्माला भेटायला आले. नेमके त्याच वेळी हुसेनसाब गाडी टोचन करून न्यायला आले होते. त्यांनी इंजिन आधीच बघितलंय. आतलं सगळं चिकटलंय. दुसरं इंजिन मिळालं तर ठीक, नाहीतर भंगार.

बापूसाहेबांचा वैरागला शेतमालाचा धंदा. घरच्या तीन पिकअप. चहा घेता घेता म्हणाले, आमच्या गाड्या नीट बघणारा माणूस मिळत न्हाय, अजिंक्य सांगत होता तुमचा मिस्त्री लई चांगला हाय. मग पोर्चमध्ये आले. गाडी बघितली. विचारलं, "चांगली चालती गाडी की ही. कुनी वाट लावली हिची?"

अजिंक्य जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तेलाचा दाब, तेव्हाचं वातावरण, जुना बेल्ट.

हुसेनसाब दोर बांधत होते. वर न बघता म्हणाले, "माझ्या हातनं झालं, साहेब. म्हातारा झालो. चुकलं."

बापूसाहेब हं म्हणाले. आत येताना मला हळूच म्हणाले, असल्या मानसाकडं परत गाडी देऊ नका हिंदुराव. आमीबी आता दुसरा बघतो.

मी मान हलवली. होकारार्थी.

रेश्मा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली, मी बोलायची वाट बघत. मग हुसेनसाबांना म्हणाली, चाचा, चहा घेऊन जा. ते म्हणाले, नक्को बेटा, दुकान उघडं आहे. दोर ओढून बघितला आणि गेले.

ठरवलं, बापूसाहेब निघताना दारात सांगायचं. निघाले तेव्हा गडबड होती. मग ठरवलं, फोनवर सांगू. फोनवर नीट समजावून सांगता येतं.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

वैरागला फोन लावला. बापूसाहेबांनीच उचलला. म्हणाले, बोला हिंदुराव.

मी तब्येत विचारली. म्हणाले, बरी हाय. हुसेनसाबांचं उद्या सांगू असं ठरवून फोन ठेवला.